वाचकांचे प्रश्न : जुन्या लॅपटॉपला बाहेरची डिस्क ड्राइव्ह आणि साउंड कार्ड

गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. घरातला दहा-पंधरा वर्षांचा लॅपटॉप चालतो, पण त्याची डिस्क ड्राइव्ह निकामी झाली आहे किंवा त्याचा आवाज गेला आहे. आणि कपाटात लग्नाच्या सीडी, बारशाच्या डीव्हीडी आणि वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या कॅसेट पडून आहेत. यूएसबीने जोडायची ड्राइव्ह आणि यूएसबी साउंड कार्ड या दोन वस्तूंनी अशा लॅपटॉपकडून अजून पुष्कळ काम करून घेता येते. मात्र पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : वस्तू आणण्यापूर्वी लॅपटॉपचा पोर्ट कोणता आहे हे बहुतेकांनी पाहिलेले नव्हते, आणि काम अडले तेव्हा दोष लॅपटॉपच्या वयाला दिला गेला. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१० सालचा असून त्यात विंडोज ७ आहे. आतली डीव्हीडी ड्राइव्ह डिस्क वाचेनाशी झाली, म्हणून बाहेरून जोडायची सडपातळ ड्राइव्ह आणली. जोडल्यावर दिवा लागतो, ड्राइव्ह दिसते, परंतु डिस्क घातली की टक-टक असा आवाज येऊन ती नाहीशी होते आणि पुन्हा दिसू लागते. लॅपटॉप फार जुना झाल्याने ती चालणार नाही, असे दुकानदार म्हणतात. हे खरे आहे का? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : आपण लिहिलेल्या एका वाक्यातच उत्तर आहे. ड्राइव्ह रिकामी असताना दिसते आणि डिस्क घातल्यावर नाहीशी होते, याचा अर्थ लॅपटॉपने ती ओळखली आहे. तिला वीज पुरत नाही, एवढेच. २०१० च्या सुमाराच्या लॅपटॉपवर बहुधा यूएसबी २.० चे पोर्ट असतात आणि अशा एका पोर्टमधून नियमानुसार ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट वीज मिळते. सडपातळ ड्राइव्हला वेगळा अडॅप्टर नसतो; मोटर, लेझर आणि आतले इलेक्ट्रॉनिक्स हे सगळे त्या अडीच वॉटवरच चालवायचे असते. डिस्क एकदा फिरू लागली की भागते, पण स्थिर असलेली डिस्क वेगात आणताना मोटर क्षणभर त्याहून जास्त वीज ओढते. त्या क्षणी व्होल्टेज खाली येते, ड्राइव्हमधली चिप बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि आपल्याला ती टक-टक ऐकू येते.

हाच अनुभव मी स्वतः घेतला आहे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि पलीकडच्या फळीवर ड्राइव्ह, मध्ये तीन मीटर लांबीची बारीक वाढीव केबल, अशी माझी मांडणी होती. दुकानदाराने ड्राइव्ह दोनदा बदलून दिली आणि दोन्ही नव्या ड्राइव्ह तशाच टकटकल्या. शेवटी ती वाढीव केबल काढून ड्राइव्ह लॅपटॉपला थेट जोडली, तेव्हा तीच डिस्क पहिल्याच फेरीत वाचली गेली. लांब आणि बारीक तारेत थोडे व्होल्टेज वाटेतच खर्च होते, आणि जिथे मुळातच काठोकाठ हिशेब आहे तिथे तेवढी थोडी घटसुद्धा काम बिघडवायला पुरते.

तेव्हा आपण प्रथम ड्राइव्हची मूळ आखूड केबल वापरावी, मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) किंवा वाढीव केबल ठेवू नये आणि लॅपटॉपला चार्जर लावूनच पाहावे. एका बाजूच्या पोर्टवर काम झाले नाही तर दुसऱ्या बाजूच्या पोर्टवर करून पाहावे, कारण अनेक लॅपटॉपांत एका बाजूचे दोन पोर्ट एकाच ठिकाणाहून वीज घेतात. एखाद्या पोर्टच्या आतली पट्टी निळी असेल तर तो यूएसबी ३.० चा असण्याची शक्यता आहे. त्यातून ९०० मिलिअँपिअर मिळतात, आणि तिथे अडचण बहुधा राहत नाही. एवढ्यानेही भागले नाही, तर दोन तोंडांची यूएसबी केबल मिळते. तिचे एक तोंड माहितीसाठी आणि विजेसाठी, तर दुसरे फक्त विजेसाठी असते, आणि दोन्ही तोंडे त्याच लॅपटॉपमध्ये लावायची असतात. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. तो घेताना अडॅप्टर सोबत आहे ना, हे खोका उघडून पाहावे, कारण एकसारख्या दिसणाऱ्या हबांपैकी पुष्कळ हब अडॅप्टरविना विकले जातात आणि त्यांचा आपल्याला काही उपयोग नाही.

लॅपटॉप टाकून देऊ नका. त्याचे वय इथे आड आलेले नाही.

प्रश्न : ड्राइव्ह जोडली की जोडल्याचा आवाज येतो, दिवाही स्थिर राहतो; पण 'कॉम्प्युटर'मध्ये ती दिसत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या विंडोजमधील यादीत) तिच्यापुढे पिवळे चिन्ह येते. तीच ड्राइव्ह शेजाऱ्यांच्या संगणकावर व्यवस्थित चालते. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : शेजाऱ्यांकडे चालते हे आपण तपासलेत, त्यामुळे अर्धे काम झाले. आता त्या पिवळ्या चिन्हावर दोनदा क्लिक करून कोड कोणता आहे ते पाहावे. तो १९ किंवा ३९ असेल, तर ड्राइव्ह आणि विंडोज यांच्यामध्ये एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरची नोंद अडकलेली असण्याची दाट शक्यता आहे. पूर्वी सीडी लिहिण्याची जी सॉफ्टवेअर लॅपटॉपबरोबर येत, ती स्वतःला मधल्या गाळणीसारखी बसवून घेत आणि नंतर काढून टाकली तरी गाळणीची नोंद मागे ठेवत. विंडोज ती गाळणी शोधते, ती सापडत नाही, आणि मग ड्राइव्हच सुरू होत नाही.

प्रथम डिव्हाइस मॅनेजरमधून ती ड्राइव्ह 'अनइन्स्टॉल' करून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा; कधी कधी एवढे पुरते. न पुरल्यास रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या आतल्या नोंदी बदलण्याचे साधन) उघडून 'सिस्टिम', 'करंट कंट्रोल सेट', 'कंट्रोल', 'क्लास' या क्रमाने आत जावे. तिथे लांबलचक अंक-अक्षरांच्या अनेक नोंदी दिसतील. त्यांपैकी ज्या नोंदीत उजवीकडे 'क्लास' या शब्दापुढे 'सीडीरॉम' लिहिलेले असेल तीच आपली नोंद. तिच्यातील 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' या दोन ओळी काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.

इथे कळकळीची सूचना द्यायची आहे. याच नावाच्या ओळी कीबोर्डच्या आणि हार्ड डिस्कच्या नोंदींतही असतात आणि तिथे त्या आवश्यक असतात. कीबोर्डच्या नोंदीतील ओळ काढली तर पुढच्या वेळी कीबोर्डच चालणार नाही. म्हणून काहीही काढण्यापूर्वी त्या नोंदीची 'एक्स्पोर्ट' करून प्रत ठेवावी, आणि 'सीडीरॉम' हा शब्द प्रत्यक्ष डोळ्यांनी वाचल्याखेरीज हात लावू नये. मनात शंका असल्यास जाणकार व्यक्तीला शेजारी बसवून हे काम करावे.

प्रश्न : माझ्याकडे विंडोज ९८ असलेला लॅपटॉप आहे. त्याला डीव्हीडी ड्राइव्ह जोडून चित्रपट पाहता येतील का? (पुणे)

उत्तर : चित्रपटांसाठी तो उपयोगी पडणार नाही. त्या काळातील यूएसबी १.१ चा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे १ मेगाबाइट आहे. डीव्हीडीच्या मूळ एकपट वेगालाच सेकंदाला १,३८५ किलोबाइट लागतात. सीडीचा एकपट वेग केवळ १५० किलोबाइट असल्यामुळे सीडी वाचता येईल, पण विंडोज ९८ मध्ये अशा ड्राइव्हसाठी अंगभूत ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, नाही. तो ड्राइव्हबरोबर दिलेला असेल तरच काम होईल. सीडीवरील फाइल हव्या असतील, तर त्या दुसऱ्या संगणकावर उतरवून घेणे श्रेयस्कर.

प्रश्न : विंडोज एक्सपीच्या लॅपटॉपला बाहेरची ड्राइव्ह जोडली आहे. फाइलची सीडी उघडते, इतर सगळे आवाज येतात, पण गाण्यांची सीडी लावली की आकडे पुढे सरकतात आणि आवाज मात्र येत नाही. (सोलापूर)

उत्तर : पूर्वी संगणकाच्या आत ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत एक वेगळी बारीक तार असे आणि गाणे त्या तारेतून थेट स्पीकरकडे जाई. बाहेरच्या ड्राइव्हला ती तार नाही, त्यामुळे आवाज यूएसबीतूनच आणावा लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्राइव्हच्या 'प्रॉपर्टीज' उघडल्यास डिजिटल सीडी ऑडिओ सुरू करण्याची चौकट सापडेल. तिच्यावर खूण करावी.

प्रश्न : आमच्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून आवाज येणे बंद झाले आहे. दुरुस्तीवाले मदरबोर्ड बदलण्यास सांगतात. यूएसबी साउंड कार्डाने काम भागेल का, आणि ते घेताना काय पाहावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : भागेल, परंतु खर्च करण्याआधी एक लहानशी तपासणी करावी. हेडफोनच्या जॅकच्या आत एक बारीक पत्र्याची पट्टी असते. पिन घातली की ती दाबली जाते आणि स्पीकर बंद होतात. आपल्याकडच्या दमट हवेत ती गंजते किंवा अडकून बसते, आणि पिन काढल्यावरही लॅपटॉपला हेडफोन लावलेलाच आहे असे वाटते. आवाजाच्या खिडकीत स्पीकरऐवजी हेडफोनचे चित्र कायम दिसत असेल, तर हेच कारण समजावे. लॅपटॉप बंद करून चांगली पिन आठ-दहा वेळा हलक्या हाताने आत-बाहेर केल्यास ती पट्टी कधी कधी मोकळी होते. दुसरी तपासणी ड्रायव्हरची. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) भरलेल्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून पाहावा. तिथे आवाज आला, तर बिघाड विंडोजमधील ड्रायव्हरचा आहे आणि मदरबोर्ड बदलण्याचे काहीही कारण नाही.

दोन्ही तपासण्यांत काही हाती लागले नाही तर यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. साधे कार्ड काही शेकडा रुपयांत मिळते आणि अंगठ्याएवढे असते. यूएसबीवरील आवाजासाठी १९९८ साली एक सामाईक पद्धत ठरली. तिला यूएसबी ऑडिओ क्लास १ म्हणतात. या पद्धतीच्या कार्डांना एक्सपी, विंडोज ७ किंवा लिनक्स यांपैकी कशातही वेगळा ड्रायव्हर लागत नाही. नंतर आलेल्या क्लास २ च्या कार्डांना विंडोजने अंगभूत आधार दिला तो २०१७ मध्ये, विंडोज १० च्या एका अद्ययावत आवृत्तीपासून. त्यामुळे विंडोज ७ असलेल्या लॅपटॉपसाठी महागडे क्लास २ चे कार्ड घेतले आणि कंपनीचा ड्रायव्हर मिळाला नाही, तर ते मुकेच राहते. जुन्या लॅपटॉपला क्लास १ चेच कार्ड घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. १६ बिट आणि ४८,००० हर्ट्झ एवढी क्षमता कमी वाटू देऊ नये, कारण गाण्यांची सीडीसुद्धा १६ बिट आणि ४४,१०० हर्ट्झचीच असते.

कार्ड जोडल्यावर आवाजाच्या सेटिंगमध्ये 'प्लेबॅक' या भागात त्याची निवड 'डिफॉल्ट' म्हणून करावी, आणि गाणी वाजवण्याचे सॉफ्टवेअर आधीपासून उघडे असेल तर ते बंद करून पुन्हा उघडावे. काही जुनी सॉफ्टवेअर सुरू होतानाच आवाजाचे साधन निवडतात आणि मध्येच बदलत नाहीत.

ड्राइव्ह आणि साउंड कार्ड एकाच वेळी वापरायचे असल्यास ते लॅपटॉपच्या वेगवेगळ्या बाजूंना जोडावेत. यूएसबीवरून आवाज दर मिलिसेकंदाला एक तुकडा अशा पद्धतीने जातो, आणि चुकलेला तुकडा पुन्हा पाठवण्याची सोय त्यात नसते. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या एकाच हबवर दोघांना बसवले, तर डिस्क वेग घेताना कार्डाला खीळ बसते आणि गाण्यात तडतड ऐकू येते.

प्रश्न : माझी आई जात्यावर दळताना ओव्या म्हणत असे. माझ्या भावाने १९८० च्या दशकात त्या कॅसेटवर घेतल्या होत्या. आई आता नाही. छोटे यूएसबी साउंड कार्ड लावून टेपरेकॉर्डरच्या हेडफोनमधून मी त्या लॅपटॉपवर घेतल्या, पण आवाज फाटल्यासारखा येतो, आणि सॉफ्टवेअरने खरखर काढल्यावर तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. काय चुकते आहे? (एक वाचक भगिनी, बीड जिल्हा)

उत्तर : आपले पत्र वाचून प्रथम एकच सांगावेसे वाटते : कॅसेट पुन्हा लावण्यापूर्वी तिच्या वरच्या काठावरील दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका. ते मोडले की टेपरेकॉर्डरचे रेकॉर्डिंगचे बटण दाबलेच जात नाही, आणि चुकून वरून काही रेकॉर्ड होण्याचा धोका संपतो. त्यानंतर फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेले थर सुटे होतात. टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडीवर तपकिरी रंग येत राहील तोवर पुसत राहावे.

आवाज फाटण्याचे कारण कार्डात आहे. अंगठ्याएवढ्या कार्डाला जे इनपुट असते ते मायक्रोफोनचे असते. मायक्रोफोनमधून काही मिलिव्होल्टचा अगदी क्षीण संकेत येतो आणि कार्ड तो पुष्कळ पटींनी वाढवते. हेडफोनच्या जॅकमधून येणारा संकेत मुळातच जोरकस असतो. तो तसाच वाढवला गेला की वरचे टोक कापले जाते, आणि कापलेला भाग नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. आपल्याला 'लाइन इन' असलेले, म्हणजे मागे लाल आणि पांढरा असे दोन गोल सॉकेट असलेले यूएसबी साउंड कार्ड हवे. टेपरेकॉर्डरला 'लाइन आउट' असेल तर तिथून जोडावे. नसेल तर हेडफोनच्या जॅकमधून, आवाज निम्म्यावर ठेवून. रेकॉर्डिंगच्या खिडकीतील पट्टी सर्वांत मोठ्या आवाजालाही शून्याच्या सहा डेसिबल खाली राहील असे पाहावे. रेकॉर्डिंग आधी वेव्ह किंवा फ्लॅक या, आवाजाचा काही भाग न गाळणाऱ्या, स्वरूपात ठेवावे. साठ मिनिटांच्या कॅसेटची वेव्ह फाइल, दोन्ही बाजू मिळून, सुमारे ६३५ मेगाबाइटची होते, आणि आजच्या पेनड्राइव्हवर एवढी जागा सहज मिळते. मोबाइलवर पाठवण्यासाठी एमपी३ प्रत नंतर त्यावरून काढता येईल.

आता पाण्याखालच्या आवाजाविषयी. खरखर काढणारे सॉफ्टवेअर सतत एकसारखा येणारा आवाज शोधते आणि तो गोंगाट समजून पुसून टाकते. आपल्या कॅसेटमध्ये सतत एकसारखा येणारा आवाज जात्याच्या घरघरीचा आहे. ती घरघर आणि ओवी एकमेकींत मिसळलेल्या आहेत, त्यामुळे एक पुसताना दुसरीचेही अंश निघून जातात. माझी आपल्याला विनंती आहे, की मूळ प्रतीतून काहीही काढू नका. विंडोजमधील 'एन्हान्समेंट्स', तसेच आवाज आपोआप लहान-मोठा करणारी सोयही रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवा. नाहीतर दोन ओव्यांच्या मधल्या क्षणी जात्याचा आवाज अकारण मोठा होतो आणि आईने ओवी धरली की एकदम दबतो. ते जाते त्या ओव्यांचाच भाग आहे.

प्रश्न : २००३ साली झालेल्या लग्नाच्या व्हीसीडी बाहेरच्या ड्राइव्हवर लागतात, पण मध्येच चौकोन दिसतात. त्या लॅपटॉपवर कशा उतरवाव्यात? (ठाणे)

उत्तर : व्हीसीडीमधील चित्र 'एम्पेग एव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइलच्या रूपात असते. विंडोजवर ती फाइल तशीच कॉपी करून व्हीएलसी या मोफत सॉफ्टवेअरने उघडता येते. साध्या फाइलच्या सीडीवर चुका दुरुस्त करणारी जी जास्तीची माहिती असते, ती व्हीसीडीवर चित्राला जागा मिळावी म्हणून वगळलेली असते. त्यामुळे एवढासा ओरखडासुद्धा पडद्यावर चौकोनांच्या रूपाने दिसतो. डिस्क मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. छापील बाजूलाही जपावे, कारण सीडीत माहितीचा थर त्या बाजूच्या पातळ लेपाखालीच असतो. कॉपी एका ठिकाणी अडली तर दुसऱ्या कंपनीची ड्राइव्ह मागून आणून प्रयत्न करावा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरी वाचते, असे अनेकदा घडते.

सीडीचे लेखन मधून सुरू होऊन काठाकडे जाते आणि बोटे, डबीचे घासणे हे सगळे काठाला जास्त लागते. डिस्क पूर्ण भरलेली असेल तर त्या काठावर चित्रीकरणाचा शेवट असतो, आणि आपल्याकडच्या लग्नाच्या शेवटच्या व्हीसीडीत तिथे पाठवणी असते. म्हणून कॉपी झाल्यावर सुरुवातीचे मंगलाष्टक पाहून समाधान मानू नये. ड्राइव्ह लॅपटॉपपासून काढण्यापूर्वी उतरवलेल्या फाइलची शेवटची पाच मिनिटे पूर्ण लावून पाहावीत, आणि तिथे चौकोन दिसले तर डिस्क पुसून तेवढ्यासाठी पुन्हा कॉपी करावी.